फिलिपिन्समधील प्रादेशिक भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा पर्यटनाच्या निमित्ताने फिलिपिन्सशी संबंध येणाऱ्या मराठी वाचकांना तिथल्या भाषांविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक माहितीपत्रकांत ‘तेथे फिलिपिनो आणि इंग्रजी बोलतात’ एवढ्या एका वाक्यात हा विषय संपवलेला असतो. त्या वाक्याबाहेर राहिलेल्या भाषांसाठी हे पान आहे.

फिलिपिन्समध्ये एकूण किती भाषा बोलल्या जातात?

देश ७,६४१ बेटांचा आहे आणि २०२०च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० कोटी ९० लाख आहे. भाषांचा आकडा मात्र मोजणाऱ्यानुसार बदलतो. तेथील राष्ट्रीय भाषा आयोग १३०हून अधिक देशी भाषा मानतो, तर जगभरच्या भाषांची नोंद ठेवणाऱ्या काही सूची हा आकडा १७०च्याही पुढे नेतात. एकाच डोंगररांगेतील दोन खोऱ्यांमधील बोलणे एक भाषा मानायचे की दोन, यावर हा फरक अवलंबून असतो. या जवळपास सर्व भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत. मलय, जावानीज, मादागास्करची मालागासी आणि हवाई बेटांची हवाईयन याही त्याच कुळातल्या.

त्या स्वतंत्र भाषा आहेत, की एकाच भाषेच्या बोली?

त्या स्वतंत्र भाषा आहेत. हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे चुकीचे उत्तरही सर्वाधिक वेळा दिले जाते. खुद्द फिलिपिन्समधील सुशिक्षित माणसेसुद्धा आपल्या मातृभाषेचा उल्लेख ‘दायालेक्तो’, म्हणजे बोली, असा करतात. वस्तुस्थिती अशी की इलोकोस प्रदेशातील इलोकानो भाषक आणि सेबू बेटावरील सेबुआनो भाषक आपापल्या भाषेत बोलू लागले, तर त्यांना एकमेकांचे बोलणे समजत नाही. मराठी आणि बंगाली या एका कुळातल्या असूनही वेगळ्या भाषा आहेत, तसाच हा प्रकार आहे.

सकाळचे अभिवादन घेतले तरी अंतर लक्षात येते. तागालोगमध्ये ‘मागांदांग उमागा’, सेबुआनोत ‘माआयोंग बुंताग’, इलोकानोत ‘नाइम्बाग आ बिगात’, कापाम्पांगानमध्ये ‘मायाप आ आबाक’, वारायमध्ये ‘माउपाय न्गा आगा’ आणि बिकोलमध्ये ‘मार्हाय ना आगा’ असे म्हणतात. कधी शब्द सारखा असतो आणि अर्थ निराळाच निघतो. ‘लांगाम’ म्हणजे तागालोगमध्ये मुंगी आणि सेबुआनोत पक्षी.

बोली हा शब्द तसा वाईट नाही. परंतु ज्या भाषेला छापील साहित्य आहे, शब्दकोश आहेत, व्याकरणे आहेत आणि लाखो, काहींच्या बाबतीत कोट्यवधी भाषक आहेत, तिला बोली म्हटले की तिच्यासाठी पाठ्यपुस्तक, न्यायालयातील स्थान किंवा सरकारी अर्ज मागण्याचा हक्कच लोकांना उरत नाही. हे नुकसान शब्दापुरते राहत नाही, म्हणून या उत्तराबाबत आग्रही राहणे आवश्यक वाटते.

प्रमुख प्रादेशिक भाषा कोणत्या, आणि त्या कुठे बोलल्या जातात?

लुझोन या उत्तरेकडील मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर इलोकानो आहे. कष्टाळू आणि स्थलांतर करणारे लोक म्हणून इलोकानोंची ख्याती आहे; कागायान खोऱ्यात आणि कोर्दिलेरा डोंगराळ भागात वेगवेगळ्या जमातींची परस्परांशी बोलण्याची भाषा तीच झाली आहे. १९०६पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांबरोबर ती पॅसिफिकपार पोहोचली आणि आज हवाई विद्यापीठात शिकवलीही जाते. इलोकोसच्या दक्षिणेस पांगासिनान आणि त्याखाली, मनिलापासून फार दूर नसलेल्या पाम्पांगा प्रांतात, कापाम्पांगान बोलतात. मनिला आणि तिच्याभोवतीचा मोठा प्रदेश तागालोगचा. लुझोनच्या आग्नेय शेपटावर, मायोन ज्वालामुखीच्या परिसरात, बिकोल भाषांचा समूह आहे.

मधल्या बेटसमूहाला विसायास म्हणतात. तिथे सेबू, बोहोल आणि पूर्व नेग्रोस येथे सेबुआनो, इलोइलो आणि पश्चिम नेग्रोस येथे हिलिगायनोन, तर सामार आणि पूर्व लेते येथे वाराय चालते. दक्षिणेकडील मिंदानाव बेटावर मारानाव, मागिंदानाव यांसारख्या मुस्लिम समाजांच्या आणि अनेक आदिवासी समाजांच्या भाषा आहेत, सुलू द्वीपसमूहात ताउसुग आहे. पण विसाव्या शतकात सरकारी वसाहत योजनांतून विसायासमधील लाखो शेतकरी मिंदानावात येऊन स्थायिक झाल्यामुळे त्या बेटाच्या बहुतांश भागात आज सेबुआनो ऐकू येते. अगदी उत्तरेला, तैवानच्या दिशेने असलेल्या बातानेस बेटांवरच्या इवातान भाषेची सख्खी बहीण तैवानच्या ऑर्किड बेटावर बोलली जाते.

जनगणनेत ‘बिसाया’ आणि ‘सेबुआनो’ अशा दोन नोंदी का दिसतात?

२०२०च्या जनगणनेत घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेची नोंद कुटुंबनिहाय झाली. त्यात तागालोग ३९.९ टक्के, बिसाया १६ टक्के, हिलिगायनोन ७.३ टक्के, इलोकानो ७.१ टक्के आणि सेबुआनो ६.५ टक्के असे प्रमाण आले. सेबू बेटाबाहेरचे, विशेषतः मिंदानावातील, सेबुआनो भाषक आपल्या भाषेला ‘बिसाया’च म्हणतात आणि प्रगणकालाही तसेच सांगतात. त्यामुळे एकच भाषा दोन रकान्यांत विभागली जाते. दोन्ही आकडे एकत्र केले, तर जवळजवळ दर चार-पाच कुटुंबांमागे एक कुटुंब ही भाषा बोलते असे दिसते. १९६०च्या जनगणनेत तर सेबुआनो मातृभाषा असणाऱ्यांची संख्या तागालोगपेक्षा जास्त होती. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय सेबूमधील भाषिक अस्मितेची तीव्रता समजत नाही.

फिलिपिनो आणि तागालोग या एकच भाषा आहेत का?

कायद्याने वेगळ्या, व्यवहारात जवळजवळ एकच. फिलिपिनो हे राष्ट्रभाषेचे नाव असून तिचा पाया मनिलाच्या तागालोगचा आहे. तिने देशातील अन्य भाषांमधून शब्द घेऊन समृद्ध व्हावे, असे घटनेत म्हटले आहे. प्रत्यक्षात इंग्रजी आणि स्पॅनिश शब्द मुबलक आले, इलोकानो किंवा हिलिगायनोन शब्द मात्र मोजकेच.

मग राष्ट्रभाषेसाठी तागालोगचीच निवड का झाली?

१९३५च्या घटनेने देशातील एखाद्या विद्यमान भाषेवर आधारित समान राष्ट्रभाषा विकसित करण्याचे ठरवले. त्यासाठी नेमलेल्या संस्थेत निरनिराळ्या भाषांचे प्रतिनिधी होते आणि अध्यक्ष हाइमे दे वेरा हे स्वतः लेतेमधील वाराय भाषक होते. राजधानीची भाषा असणे, छापील साहित्य विपुल असणे आणि राष्ट्रीय चळवळीशी जोडलेले असणे या बळावर तागालोगची शिफारस झाली आणि ३० डिसेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी ती जाहीर केली. १९५९मध्ये या राष्ट्रभाषेला ‘पिलिपिनो’ हे नाव मिळाले, जेणेकरून ती एका प्रदेशाची वाटू नये. १९८७च्या घटनेत ते ‘फिलिपिनो’ झाले. नाव बदलल्याने सेबूची नाराजी मिटली नाही, आणि ती मिटेल अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हते.

घटनेत प्रादेशिक भाषांना काय स्थान आहे?

१९८७च्या घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदानुसार फिलिपिनो ही राष्ट्रभाषा आहे, फिलिपिनो आणि इंग्रजी या अधिकृत भाषा आहेत, तर प्रादेशिक भाषा आपापल्या प्रदेशात ‘साहाय्यक अधिकृत भाषा’ आणि शिक्षणाचे साहाय्यक माध्यम आहेत. साहाय्यक म्हणजे नेमके काय, कोणते दस्तऐवज त्या भाषेत असलेच पाहिजेत, हे कुठेही बंधनकारक केलेले नाही. कायदे आणि निकालपत्रे प्रामुख्याने इंग्रजीत निघतात. राष्ट्रगीत नेहमी राष्ट्रभाषेतच गायले जावे, असा १९९८चा कायदा आहे.

मराठी वाचकाला यातील खरी उणीव चटकन कळेल. आपल्याकडे भाषावार प्रांतरचना झाली. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य आले आणि १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला विधिमंडळ आणि सचिवालयाची भाषा केले. फिलिपिन्समध्ये प्रांतांच्या सीमा भाषेवर आखल्या गेल्या नाहीत आणि देशाची रचना एककेंद्री आहे. त्यामुळे दोन कोटींहून अधिक भाषक असूनही सेबुआनोचे पाठ्यपुस्तक मंडळ, परिभाषा कोश किंवा राजभाषा विभाग ही जबाबदारी स्वतःची मानणारे सरकार कुठेही नाही. काही प्रांतांनी आपापल्या परीने पावले उचलली. ला युनियन प्रांताने २०१२मध्ये इलोकानोला प्रांताची अधिकृत भाषा ठरवले.

शाळेत मुले कोणत्या भाषेत शिकतात?

या प्रश्नाचे उत्तर अलीकडेच बदलले आहे, म्हणून थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

अमेरिकी राजवटीत शाळांचे माध्यम इंग्रजी होते. १९७४पासून काही विषय इंग्रजीत आणि काही राष्ट्रभाषेत, असे द्विभाषिक धोरण आले. इलोइलोच्या खेड्यातील मुलासाठी या दोन्ही भाषा घराबाहेरच्या होत्या. कालिंगा प्रांतातील लुबुआगान येथे काही वर्गांत मुलांच्या घरच्या भाषेत सर्व विषय शिकवून पाहिले गेले, आणि ती मुले गणित-विज्ञानातच नव्हे, तर इंग्रजी वाचनातही इतर वर्गांच्या पुढे गेली. अशा अनुभवांच्या आधारे २००९मध्ये शिक्षण खात्याने मातृभाषाधारित शिक्षणाचा आदेश काढला, २०१२पासून तो १२ भाषांत अमलात आला, पुढच्या वर्षी आणखी ७ भाषा जोडल्या गेल्या आणि २०१३च्या कायद्याने बालवाडी ते तिसरी हे माध्यम बंधनकारक झाले.

अडचणी लगेच समोर आल्या. अनेक भाषांत प्रमाण लेखनपद्धती ठरलेली नव्हती. पुस्तके वेळेवर पोहोचली नाहीत. शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजीत झालेले असल्यामुळे वजाबाकी आपल्याच भाषेत कशी समजावायची, हे त्यांना नव्याने शिकावे लागले. शहरांतील एका वर्गात चार मातृभाषांची मुले असत. तिसरीनंतर एकदम इंग्रजीकडे उडी मारायची असल्यामुळे पालकांनाही धास्ती वाटे. अखेर ऑक्टोबर २०२४मध्ये नव्या कायद्याने ही सक्ती रद्द केली. आता माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. प्रादेशिक भाषा साहाय्यक. ज्या वर्गातील सर्व मुलांची भाषा एकच आहे, तिथे ठरावीक अटी पूर्ण झाल्यास मातृभाषा ऐच्छिक माध्यम म्हणून वापरता येते.

पुस्तके आणि प्रशिक्षण अपुरे होते, हे कारण खरे आहे. मात्र त्यावर उपाय पुस्तके आणि प्रशिक्षण देणे हाच होता. जेमतेम एका पिढीलाही पूर्ण संधी न देता धोरण मागे घेतल्यामुळे, नव्याने तयार झालेली शुद्धलेखनाची नियमावली आणि बालवाचनाची पुस्तके कपाटात जाण्याची भीती आहे.

या भाषांचा संस्कृतशी संबंध आहे का?

कुळाचा संबंध नाही. व्यापार आणि संस्कृती यांच्या मार्गाने आलेला आहे, आणि तो मलय-जावा भागातून आला. तागालोगमध्ये ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘आसा’ म्हणजे आशा, ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘दुखा’ म्हणजे गरीब आणि ‘दिवाता’ म्हणजे वनदेवतेसारखी अलौकिक व्यक्ती.

सर्वांत रोमांचक पुरावा म्हणजे १९८९मध्ये लागुना प्रांतात लुम्बान नदीच्या परिसरात वाळू उपसताना सापडलेला ताम्रपट. तो कावी या जावाच्या जुन्या लिपीत, मुख्यतः जुन्या मलय भाषेत आहे आणि त्यात संस्कृत, जुनी जावानीज व जुन्या तागालोगचे शब्द मिसळलेले आहेत. त्याचा आरंभ ‘स्वस्ति’ या शब्दाने होतो आणि मिती दिली आहे ती शके ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार अशी. इंग्रजी कालगणनेने ती २१ एप्रिल ९०० येते. नाम्वारान नावाच्या एका माणसाचे सोन्यातील कर्ज माफ झाले असून त्याच्या वंशजांकडे कोणी मागणी करू नये, अशी ती पावती आहे. ज्या शककालगणनेने आपण आजही पंचांग पाहतो, तिच्याच वर्षात फिलिपिन्सचा सर्वांत जुना ज्ञात लेख नोंदलेला आहे. हा ताम्रपट मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्यांची स्वतःची लिपी होती का?

होती, आणि काही ठिकाणी आहे. स्पॅनिश आले तेव्हा तागालोग प्रदेशात ‘बायबायिन’ लिपी वापरात होती. ही ब्राह्मीच्या दूरच्या वंशातली लिपी आहे. प्रत्येक अक्षरात ‘अ’ अंगभूत असतो. वर खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. १५९३मध्ये मनिलात छापलेल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पॅनिश मजकुराबरोबर तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. शब्दाच्या शेवटचे व्यंजन दाखवण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. १६२१च्या इलोकानो पुस्तकात एका स्पॅनिश धर्मोपदेशकाने त्यासाठी क्रुसाच्या आकाराची खूण वापरली, जी आपल्या पाय मोडण्याच्या खुणेचे काम करते. पुढे रोमन लिपी सर्वत्र रुळली. मिंदोरो बेटावरील हानुनुओ आणि बुहिद या मांग्यान समाजांनी मात्र आपल्या लिप्या सोडल्या नाहीत. हानुनुओ मांग्यान लोक सात अक्षरांच्या ओळींची ‘आम्बाहान’ कविता चाकूच्या टोकाने बांबूवर कोरतात. या लिप्या, पालावानमधील लिप्यांसह, १९९९मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाल्या.

मराठी माणसाला या भाषा शिकणे कितपत कठीण जाते?

एका बाबतीत सोपे जाते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद इंग्रजी भाषकाला समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला तो उपजत ठाऊक असतो. तागालोगमध्ये ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘तायो’ म्हणजे आपण. सेबुआनोत ‘कामी’ आणि ‘किता’. इलोकानोत ‘दाकामी’ आणि ‘दातायो’, शिवाय फक्त तू आणि मी अशा दोघांसाठी ‘दाता’ हे वेगळे सर्वनाम.

क्रियापद मात्र कसोटी पाहते. सेबुआनोत ‘निकाओन को ओग इस्दा’ म्हणजे मी मासा खाल्ला, कोणता ते महत्त्वाचे नाही. ‘गिकाओन नाको आंग इस्दा’ म्हणजे तो विशिष्ट मासा मी खाल्ला. वाक्याचा रोख कर्त्यावर, कर्मावर, स्थानावर की साधनावर, यानुसार क्रियापदाचे रूप बदलते. आपला कर्मणी प्रयोग यातील एका भागाची कल्पना देतो, सगळ्याची नाही.

आदरार्थाबाबत एक सूचना करणे आवश्यक आहे. तागालोगमध्ये वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘पो’ लावतात. सेबुआनोत तो नाही. मनिलाचे लोक यावरून सेबुआनो भाषकांना रोखठोक समजतात, ते चुकीचे आहे. सेबुआनोतील आदर नातेवाचक संबोधनांतून आणि स्वरातून व्यक्त होतो.

चावाकानो ही कोणत्या प्रकारची भाषा आहे?

मिंदानावच्या झांबोआंगा शहरात १६३५मध्ये स्पॅनिशांनी किल्ला बांधला आणि सैनिक, कारागीर व स्थानिक लोक यांच्या संपर्कातून स्पॅनिश शब्दसंग्रह असलेली ही मिश्रभाषा रुजली. मनिला उपसागरावरील काविते आणि तेर्नाते येथेही तिची रूपे आहेत. ‘तू कुठे चालला आहेस’ हे झांबोआंगात ‘दोंदे तू ता आंदा?’ असे विचारतात. आपल्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून जन्मलेली भाषा आहे. तिचे भाषक हजाराच्या आसपास, तर चावाकानोचे लाखांत.

या भाषांत साहित्य आणि वृत्तपत्रे आहेत का?

आहेत. इलोकानोतील लाम-आंगचे महाकाव्य प्रसिद्ध आहे. मारानाव लोकांचे ‘दारांगेन’ ७२,००० ओळींचे आहे. इफुगाव समाजाचे ‘हुधुद’ प्रामुख्याने वृद्ध स्त्रिया भाताच्या पेरणीला, कापणीला आणि मृताजवळच्या जागरणात गातात. जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे येथेही काम आणि काव्य वेगळे नव्हते. नियतकालिकांत सेबुआनो ‘बिसाया’ १९३०मध्ये, तर इलोकानो ‘बान्नावाग’ आणि हिलिगायनोन भाषेतले ‘हिलिगायनोन’ १९३४मध्ये सुरू झाली, आणि त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर काही पिढ्या वाचायला शिकल्या. रेडिओवर प्रादेशिक भाषा आजही भक्कम आहेत. दूरचित्रवाणीत एका मोठ्या वाहिनीचा परवाना २०२०मध्ये नाकारला गेल्यानंतर तिच्या प्रादेशिक भाषांतील बातम्या बंद पडल्या, हे मोठे नुकसान होते.

कोणत्या भाषा सर्वाधिक संकटात आहेत?

आग्ता आणि इतर आदिवासी समाजांच्या कित्येक भाषांचे भाषक काही शेकड्यांवर, काहींचे त्याहूनही कमी उरले आहेत. परंतु मोठ्या भाषांकडेही लक्ष हवे. पांगासिनान आणि कापाम्पांगान यांचे भाषक लाखोंनी आहेत, तरीही मनिलाच्या सान्निध्यामुळे अनेक घरांत आजी-आजोबा कापाम्पांगान बोलतात, आईवडील आपसात कापाम्पांगान आणि मुलांशी तागालोग बोलतात, आणि मुले फक्त तागालोगमध्ये उत्तर देतात. कापाम्पांगानच्या बाबतीत स्पॅनिश धर्तीचे लेखन ठेवायचे की नवे, या वादातही बरीच शक्ती खर्च झाली आहे.

दावावला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती भाषा शिकावी?

दावाव मिंदानावात आहे. भारतातून, महाराष्ट्रातूनही, बरेच विद्यार्थी तेथे जातात आणि शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे स्थानिक भाषेची गरज नाही असे त्यांना सांगितले जाते. व्याख्यानापुरते ते खरे आहे. रुग्णालयातील वॉर्डात पाऊल टाकले की रुग्ण बिसाया बोलतो, म्हणजे तागालोग शब्दांची भर असलेली सेबुआनो. म्हणून इंटरनेटवरील तागालोग धडे करून जाण्याऐवजी सेबुआनोपासून सुरुवात करावी.

पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतील अशी वाक्ये थोडीच आहेत. ‘उन्साय गिबाती निमो?’ म्हणजे तुम्हाला काय होते आहे? ‘आसा माय साकित?’ म्हणजे कुठे दुखते? ‘कानुस-आ नागसुगोद?’ म्हणजे कधीपासून सुरू झाले? तापाला तागालोगमध्ये ‘लाग्नात’ म्हणतात, सेबुआनोत ‘हिलानात’. जुलाबांना सेबुआनोत ‘कालिबांगा’ म्हणतात, आणि तागालोग शब्द पूर्णपणे निराळा आहे. वयस्क पुरुषाला ‘ताय’, वयस्क स्त्रीला ‘नाय’, आणि आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या व्यक्तीला ‘नोंग’ किंवा ‘नांग’ असे संबोधावे; आपण ज्या सहजतेने काका, मावशी, दादा, ताई म्हणतो, त्याच सहजतेने ही संबोधने तिथे चालतात, आणि नावापुढे ‘मिस्टर’ लावण्यापेक्षा त्यांनी रुग्ण अधिक मोकळेपणाने बोलतो.